आट्यांना एक भाषा देणारा माणूस

घरातल्या अर्धा इंची नळाचे आटे पट्टीने मोजून पाहा. बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच कुठे सापडतच नाही. तरीही प्लंबर दुकानात नुसते अर्धा इंची एवढेच सांगतो आणि मिळालेला नळ बरोबर बसतो. या विश्वासामागे जोसेफ व्हिटवर्थ नावाचा माणूस उभा आहे.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला झाला. कोवळ्या वयात तो एका नातेवाइकाच्या कापूस गिरणीत लागला. पण त्याचे मन सुतात नव्हते, यंत्रात होते. लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात तो अचूकपणा शिकला आणि १८३३ साली मँचेस्टरला त्याने स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा. बोल्ट हरवला की मूळ कारखान्याचे दार ठोठवायचे. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली आपली पद्धत इंजिनिअरांपुढे मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे हे ठरलेले. स्वतःचाच आटा सरस, असा हट्ट त्याने धरला नाही. मी आयुष्य बँकेत काढले. चेक कोणत्याही बँकेचा असो, क्लिअरिंग चालते ते अशाच समजुतीवर. क्रिमियन युद्धात निरनिराळ्या कारखान्यांत बनलेले इंजिनांचे भाग एकमेकांत बसले, तेव्हा या समजुतीची किंमत कळली.

१८५१ च्या प्रदर्शनात त्याने इंचाचा दशलक्षांश मोजणारे यंत्र मांडले. त्याची षट्कोनी नळीची रायफल मात्र सरकारने नाकारली. ती अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या सैनिकांनी वापरली. शिस्तीची ही दुसरी बाजूही विसरू नये. १८६८ साली त्याने तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लोला तो वारला. मूलबाळ नव्हते, संपत्ती शिक्षणाला आणि लोकोपयोगी कामांना गेली.

त्याचाच आटा पुढे ब्रिटिश पाइपांनी घेतला, भारतीय मानकानेही घेतला. गळती थांबवायची तिथे तो निमुळता असतो: १६ इंच लांबीत व्यास १ इंचाने बदलतो, म्हणून पाइप आत जाईल तसा घट्ट होतो. अमेरिकेचा पाइपचा आटा मात्र ६० अंशांचा. अर्धा इंची पाइपला दोन्हीकडे इंचात १४ आटे, त्यामुळे एकाचा पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये फिरू लागतो आणि मग ठिबकतो.

आज हे पाइप संगणकावर काढतात. तिथे आटे बहुधा खरोखर कापलेले नसतात. सरळ नळकांड्यावर आट्यांचे चित्र आणि शेजारी नाव, एवढेच. कोणी निमुळता आटा खरा काढायला बसला, तर १६ ला १ हा उतार व्यासाचा आहे हे विसरतो. खरे तर प्रत्येक बाजू पावणेदोन अंशांहून किंचित जास्त कलते. पूर्ण उतार एकेका बाजूला दिला की तो दुप्पट होतो. आणि ५५ व ६० अंशांतला फरक पडद्यावर डोळ्यांना कळत नाही.

म्हणून चित्रापेक्षा शेजारचे नाव महत्त्वाचे. ते चुकले तर सुबक चित्रही गळते. ते बरोबर असले, तर कधी न भेटलेल्या दोन कारागिरांचे काम एकमेकांत बसते. व्हिटवर्थने आयुष्यभर केले ते एवढेच.