तुकोबारायांचा डोंगर

देहूचे तुकोबाराय वाणी, घरी महाजनकी. इ. स. १६३० च्या सुमारास दुष्काळात थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दिवाळे वाजले. मग महाराज भामचंद्र डोंगरावर एकांतास बसले. खाली येऊन कर्जखतांतला आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडला. पुढे भंडारा डोंगर. आम्हीही तिथे बसलो आहोत. खाली नदी, शेते, वर आभाळ. खतवही आठवत नाही हो! झाडांना त्यांनी सोयरे म्हटले ते शोभेसाठी नव्हे. महिपतीबुवा सांगतात, शेत राखायला बसवले तर महाराजांनी पाखरे हाकललीच नाहीत. ज्याच्या घरचे माणूस दाण्यावाचून गेले, त्याला पाखराच्या चोचीतला दाणा काढवेना. मालक खवळला. कीर्तनात हा प्रसंग लावला की शेतकरी श्रोते आधी मालकाचीच बाजू घेतात, आणि आम्हांस त्यांचा राग येत नाही.