न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन : दोन सीमांचे न्यायाधीश

महाराष्ट्रात महाजन हे नाव उच्चारताच बेळगावचा प्रश्न आठवतो. तथापि, या अहवालाचे कर्ते मेहेरचंद महाजन हे त्यापूर्वी वीस वर्षे पंजाबच्या विभाजनातही सहभागी होते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांचा जन्म २३ डिसेंबर १८८९ रोजी कांगडा जिल्ह्यात झाला. लाहोर येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी गुरदासपूर व लाहोर येथे वकिली केली. १९४३ मध्ये ते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९४७ साली सर सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखालील पंजाब सीमा आयोगावर त्यांची नेमणूक झाली. आयोगातील दोन मुस्लिम, एक हिंदू व एक शीख न्यायाधीशांत एकमत होऊ शकले नाही आणि निर्णय अध्यक्षांवर सोपवावा लागला. धर्मानुसार बहुसंख्या हा मुख्य निकष होता; परंतु ‘इतर घटक’ विचारात घेण्याचीही मुभा होती. लाहोरवरील दावा सांगताना हिंदू व शीख पक्षांनी मालमत्ता आणि आर्थिक हितसंबंधांवर भर दिला. लाहोर मात्र पाकिस्तानात गेले.

त्याच वर्षी ते जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान झाले. संस्थानाचे भारतात सामीलीकरण त्यांच्याच कार्यकाळात घडले. १९५४ मध्ये त्यांनी भारताचे सरन्यायाधीशपद भूषविले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्याला जोडले गेले. मराठी भाषकांच्या चळवळीनंतर व सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये केंद्राने महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता व भाषिक बहुसंख्या हे निकष सर्वत्र लावावेत, अशी महाराष्ट्राची मागणी होती. १९६७ च्या अहवालात निपाणी व खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, असे सुचविले गेले. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवण्यात आले. भाषिक संख्याबळ हाच एकमेव आधार त्यांनी मानला नाही. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, म्हैसूरने तो स्वीकारला. महाराष्ट्राने २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला.

११ डिसेंबर १९६७ रोजी महाजन यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातून एक प्रश्न उरतो: बहुसंख्या कोठवर मोजावी आणि ‘इतर घटक’ कोठून सुरू व्हावेत? धर्माच्या सीमेवर हा प्रश्न सुटला नाही, भाषेच्या सीमेवरही नाही. निर्णय कागदावर होतो. त्याचे परिणाम मात्र पिढ्यानपिढ्या लोकच भोगतात.