सुटलेली एक संख्या

आज नेहमीचा श्लोक बाजूला ठेवतोय, कारण दोन रात्री डोक्यात श्रीनिवास रामानुजन ठाण मांडून बसलेत.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. २२ डिसेंबर १८८७ ला इरोडला जन्म, बालपण कुंभकोणमला. गणित सोडून बाकी विषयांत नापास, म्हणून कॉलेज सुटलं. पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनी. कुलदेवी नामक्कलची नामगिरी. देवीच स्वप्नात सूत्रं देते असं ते सांगायचे, आणि आपण भक्तमंडळी नेमकं तेवढंच उचलून फॉरवर्ड करतो. मीही केलंय.

मार्च १९१४ मध्ये ते बोटीने केंब्रिजला निघाले. समुद्र ओलांडायला आईचा विरोध होता. शेवटी देवीने तिच्याच स्वप्नात येऊन परवानगी दिली, असं सांगतात. बोलावणारे हार्डी मात्र पक्के नास्तिक! लगेच महायुद्ध पेटलं. शाकाहारी माणूस, खोलीत स्वतःच शिजवून खायचा. त्याच दिवसांत त्यांनी अतिसंयुक्त संख्यांवरचा मोठा निबंध लिहिला. तो १९१५ मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरच त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली.

अतिसंयुक्त म्हणजे काय? आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, ती. १२ चे सहा विभाजक आहेत. तिच्याआधी कुणाचेही चारापेक्षा जास्त नाहीत. मग २४, ३६, ४८, ६० अशी रांग लागते. अशी संख्या मूळ संख्यांत फोडली तर मधली एकही मूळ संख्या गाळलेली नसते आणि घातांक कधी वाढत जात नाहीत. कारण साधं आहे. समजा ३ चा घातांक २ च्या घातांकापेक्षा मोठा निघाला, तर दोघांची अदलाबदल करा: विभाजक तेवढेच राहतात, संख्या लहान होते. शेवटच्या मूळ संख्येचा घातांक तर नेहमी १ च, अपवाद फक्त ४ आणि ३६. हे वाचून मी लॅपटॉपसमोर चक्क हात जोडले.

निबंधात १०२ अतिसंयुक्त संख्यांचा तक्ता आहे, सगळा हाताने केलेला. शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८००. तिचे विभाजक १०,०८०.

सवयीप्रमाणे मी पायथनमध्ये छोटा कोड लिहून तक्ता ताडून पाहिला. माझ्याकडे १०३ ओळी आल्या. अर्थात बग माझाच, म्हणून रात्री दीडपर्यंत कोड उलटसुलट तपासला. कोड बरोबर होता. तक्त्यात २,९३,३१,८६,२५,६०० ही संख्या नाहीच. मागाहून कळलं की जाणकारांना हे केव्हापासून माहीत आहे.

खरं सांगू? आधी जरा आनंद झाला, बग सापडल्याचा. मग पोटात कसंतरी झालं. देवीने दिलेल्यात चूक कशी, हा प्रश्न मला खरंच टोचला. पण मला वाटतं, हा प्रश्न आपल्या फॉरवर्डमुळे तयार झालाय, त्यांच्या भक्तीमुळे नाही. सूत्र कुणीही दिलेलं असो, बारा-तेरा अंकी संख्या एकेक करून पारखायचं काम त्या थंड खोलीतल्या माणसाचंच होतं. पुढे तो आजारी पडला, १९१९ मध्ये मायदेशी परतला आणि २६ एप्रिल १९२० ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. त्या निबंधाचा बराच भाग तेव्हा छापलाच गेला नव्हता, कारण लंडनच्या गणित मंडळाकडे पैशांची चणचण होती. तो उजेडात यायला १९९७ साल उजाडलं.

काल रात्री मी दोन्ही संख्या फोडून वहीत एकाखाली एक लिहिल्या. सुटलेली: २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोनदा, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. तक्त्यातली शेवटची: अगदी हेच, आणि पुढे एक २३. म्हणजे सुटलेल्या संख्येला २३ ने गुणलं की त्यांची शेवटची संख्या येते.