रुपयाचे मोजमाप आणि बाबासाहेब

एप्रिल उजाडला की आपल्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. १ एप्रिल हा रिझर्व्ह बँकेचा वर्धापनदिन, १४ एप्रिल ही जयंती. या दोन तारखांची सांगड घालून सांगितले जाते की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली. वाचून छाती फुगते, आपण तो मजकूर पुढच्या दहा जणांना पाठवतो आणि विषय संपतो. पुस्तक मात्र कपाटातच राहते. ज्या माणसाने पुराव्याशिवाय विधान करणे कमीपणाचे मानले, त्याच्याबद्दल आपण इतके ढिले बोलावे काय? खरी हकीकत वेगळी आहे आणि माझ्या मते ती या मजकुरापेक्षा मोठी आहे.

बाबासाहेबांचे चरित्र या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. महू, सातारा, एल्फिन्स्टन, बडोदा हे सारे तोंडपाठ आहे. मला त्यातला एकच धागा धरायचा आहे. कोणताही सरकारी आकडा समोर आला की हा माणूस आधी विचारायचा, हे माप नेमके काय मोजते आणि कोणासाठी मोजते.

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. कंपनी सरकारच्या जमाखर्चावर प्रबंध लिहिला, १९१६ साली भारताच्या राष्ट्रीय लाभांशावर लिहिले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणतीरात बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. ते अपमान आपण कधी विसरणार नाही. पण त्याच दिवसांत, १९१८ साली, त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर एक निबंध लिहिला, तो मात्र आपण विसरलो. बडोदे सरकारच्या समितीने जमिनीचे लहान तुकडे हा रोग ठरवला होता. बाबासाहेबांनी मोजपट्टीवरच बोट ठेवले. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरावरून ठरत नाही. त्या जमिनीवर बैल किती, अवजारे किती, भांडवल किती आणि तिच्यावर पोट भरणारे हात किती यावरून ठरते. हात जास्त आणि भांडवल नाही, हे खरे दुखणे आहे, ते एकत्रीकरणाने जात नाही. वय होते सत्तावीस.

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै-पै साठवून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे ग्रंथालयांत बसून सरकारी अहवाल, चलन खात्याची कोष्टके, जुन्या समित्यांपुढच्या साक्षी उपसल्या. त्यातून जो प्रबंध झाला तो ‘रुपयाचा प्रश्न’. परीक्षकांनी आधी तो परत पाठवला, फेरलेखन करावे लागले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले.

तेव्हा हिंदुस्थानात मध्यवर्ती बँक नव्हती. रुपया पाडायचा किती, नोटा काढायच्या किती, हे सरकारचे अर्थखाते आणि लंडनमधला भारतमंत्री ठरवत. मोजमापाची साधनेही तशीच. चलनात किती रुपये फिरत आहेत हे कळावे म्हणून खजिन्यांतली नाणी काढून कोणत्या सालाची किती हे मोजत आणि त्या नमुन्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधत. वाण्याच्या गल्ल्यात किती, बायाबापड्यांनी जमिनीत पुरलेल्या मडक्यात किती, हे कोण सांगणार?

१८९३ साली सरकारने चांदी घेऊन रुपये पाडून देण्यासाठी खुल्या असलेल्या टांकसाळी बंद केल्या. पुढे एका पौंडाला पंधरा रुपये, म्हणजे रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स, असा भाव ठरवला. तो भाव हलला नाही म्हणजे रुपया स्थिर, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. या व्यवस्थेचा सर्वांत नामवंत वकील होता केन्स. त्याचे हिंदी चलनावरचे पुस्तक १९१३ साली आले होते आणि जगभर वाचले गेले होते. लंडनमध्ये शिकणाऱ्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याने त्याच्याशी उघड मतभेद घेतला. बाबासाहेबांचे म्हणणे असे की लंडनच्या हुंडीचा दर पाहून रुपयाची किंमत कळत नाही. रुपयाची किंमत म्हणजे रुपयाला बाजारात काय मिळते ते. त्यांनी किमतींचे निर्देशांक मांडले. हुंडीचा दर ठरल्या जागी असताना देशात धान्य, कापड महाग होत गेले होते. कारण रुपये पाडण्यावर कायद्याची मर्यादा नव्हती, सारे सरकारच्या मर्जीवर होते. म्हणून त्यांनी सुचवले की सोन्याचे चलन ठेवा आणि रुपये किती काढायचे याला पक्की मर्यादा घाला.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो अर्थशास्त्राचे पंडित सहसा विचारत नसत. रुपया घसरला की लाभ कोणाचा आणि भुर्दंड कोणाला? कापूस परदेशी विकणाऱ्या व्यापाऱ्याला १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने पौंडाला १५ रुपये मिळतात. दर १ शिलिंग ६ पेन्स झाला तर त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. तेव्हा व्यापारी स्वस्त रुपया मागणारच. पण रुपया स्वस्त झाला की भाकरी महाग होते आणि मजुरी मागे रेंगाळते. निर्यातदाराची जी कमाई दिसते ती मजुराच्या ताटातून आलेली असते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या वेळी मुंबईचे गिरणीमालक, व्यापारी आणि त्यांच्या पाठीशी राष्ट्रीय म्हणवणारे पुढारी १ शिलिंग ४ पेन्सचा धोशा लावून होते. परळच्या चाळीत राहणारा हा बॅरिस्टर मात्र सांगत होता की रुपया फार स्वस्त करू नका, पगारदार आणि मजूर मरेल. त्यांच्या निवेदनाचा भर बँक काढण्यावर नव्हता, चलनाच्या मर्यादेवर होता. आयोगाने १९२६ साली अहवाल दिला. दर १ शिलिंग ६ पेन्स ठरवला, मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, पण बाबासाहेबांची सोन्याच्या चलनाची योजना घेतली नाही. बँकेचे विधेयक आधी बारगळले, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. एवढा इतिहास नीट सांगितला तर बाबासाहेब लहान होत नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाच्या खर्चासाठी नोटांचा पूर आला होता. १९३९ साली सुमारे पावणेदोनशे कोटींच्या नोटा होत्या, १९४५ पर्यंत त्या हजार कोटींच्या पुढे गेल्या. बंगालात माणसे भुकेने मरत होती. या काळात औद्योगिक गावांतील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली. घरात धान्य किती, सरपण किती, भाडे किती, हे घरोघर विचारून राहणीखर्चाचा निर्देशांक बांधला गेला. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. १ ऑक्टोबर १९४६ रोजी सिमल्याला लेबर ब्युरो उभा राहिला. बाबासाहेबांचे मंत्रिपद तेव्हा संपले होते. आज आपल्यातल्या कितीतरी घरांत महागाई भत्ता किती वाढला याची वाट पाहिली जाते. तो आकडा औद्योगिक कामगारांच्या ज्या निर्देशांकावरून निघतो, तो हाच ब्युरो काढतो.

आणि रिझर्व्ह बँक? आज तिच्याकडे आकड्यांची कमतरता नाही. बँकांना कायद्यानेच दर पंधरवड्याला ठेवी आणि कर्जाची माहिती द्यावी लागते. खाते कोणत्या जिल्ह्यातले, कर्ज कशासाठी, हेही कळवावे लागते. २००५ पासून बँक शहरांत घरोघर पाहणी करून विचारते की पुढे महागाई किती वाढेल असे वाटते. उत्तर देणाऱ्यांत रोजंदारीवरचा मजूरही असतो. तरीसुद्धा २०१४ पर्यंत धोरण ठरवताना मुख्य भर होता घाऊक किमतींवर. दवाखान्याची फी, पोराच्या शाळेची फी, एस.टी.चे भाडे घाऊक बाजारात कधी विकले गेले आहे काय? २०१४ साली ऊर्जित पटेल समितीने ग्राहक किंमत निर्देशांक धरा असे सांगितले आणि २०१६ साली कायदा बदलून ४ टक्क्यांचे लक्ष्य, दोन टक्के वरखाली, त्याच निर्देशांकाला जोडले. रुपयाची किंमत म्हणजे माणसाला त्यात काय मिळते, हे देशाच्या कायद्यात यायला १९२३ नंतर ९३ वर्षे लागली. या कामी बाबासाहेबांचे नाव कोणी घेतले नाही. आपणही घेतले नाही, कारण आपण तो मोबाइलवरचा मजकूर पुढे पाठवण्यात गुंतलो होतो.

मोजायचे अजून पुष्कळ राहिले आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जातले सुमारे ७० टक्के सावकाराचे आणि बँकांचे एक टक्काही नाही, हे त्या वेळी उघड झाले. गावकुसाबाहेरच्या माणसाला सावकार कोणत्या दराने कर्ज देतो आणि पाटलाला कोणत्या, हा पुढचा प्रश्न आपल्या अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी हातात घ्यायला हवा.

१९४७ साली ‘रुपयाचा प्रश्न’ पुन्हा छापला गेला, या वेळी हिंदी चलन आणि बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून. १९२३ नंतरची हकीकत, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा जन्म आणि युद्धातल्या नोटा, दुसऱ्या खंडात यायची होती. त्याच ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे काम त्यांच्याकडे आले. दुसरा खंड लिहायचा राहिला.