लोकमान्य, ठासणीची बंदूक आणि एक अर्ज

दर वर्षी १ ऑगस्टला आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये लोकमान्य टिळकांच्या फोटोला हार घातला जातो. प्रथम वर्षाचा एखादा मुलगा शेंगा आणि टरफलांची गोष्ट सांगतो, टाळ्या होतात आणि सगळे मेसकडे पळतात. या वेळी भाषणाची पाळी माझ्यावर आली. रेक्टर सरांनी आधीच बजावलं होतं की टरफलं नकोत. म्हटलं, ठीक आहे. लायब्ररीत टिळकांची चरित्रं काढून बसलो. पण खरं सांगायचं तर मित्रांनो, त्या टेबलावर मी आधीपासून दुसऱ्याच कामासाठी बसत होतो. बाबांचा अर्ज लिहायचा होता. बंदुकीच्या परवान्याचा!

हसू नका. मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडचा. घरी भातशेती आहे. भात पिकायला आलं की रानडुकरांचा कळप रात्रीत उतरतो आणि सकाळी शेतात गाद्या टाकल्यासारखं भात लोळलेलं असतं. माझ्या आजाकडे ठासणीची एक बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. तिने त्याने कधी डुक्कर मारल्याचं मला आठवत नाही. परवानगीशिवाय मारताही येत नाही. नुसता बार काढला की कळप पळायचा, एवढंच तिचं काम. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऐन ऑक्टोबरमध्ये, भात उभं असताना आली. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती! त्यानंतर आजा गेला, बंदूक जमाच राहिली, आणि परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून बाबांनी केलेला अर्ज एका कार्यालयात गेला तो गेलाच. हो नाही, नाही नाही. काहीच उत्तर नाही.

अशा मनःस्थितीत मी टिळक वाचायला घेतले आणि त्यात मला माझाच विषय सापडला.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, पुढे शिक्षणखात्यात. १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आलं. सोळाव्या वर्षी वडील वारले. डेक्कन कॉलेजच्या होस्टेलवर राहायला आल्यावर या मुलाने पहिलं वर्ष जवळजवळ संपूर्ण तालमीत, पोहण्यात आणि खाण्यात घालवलं, कारण प्रकृती किरकोळ होती. अभ्यास मागे पडला, पण शरीर असं कमावलं की पुढे मंडालेपर्यंत पुरलं. (आमच्यातले काहीजण पहिलं वर्ष असंच घालवतात, फक्त तालमीचा भाग वगळून.) नंतर गणितात प्रथम वर्गात बी.ए. झाले. एम.ए. पुरं झालं नाही. १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली.

आता ही वर्षं जरा नीट पाहा. टिळक तरुण होते त्या १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची तोंडं बंद करणारा. दुसरा १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे शस्त्रांचा कायदा. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही, हे त्याचं सूत्र. पण ते कोणी? तर इथल्या माणसाने. युरोपियनांना नियमांनी सूट दिलेली होती. म्हणजे गोरा साहेब शिकारीला बंदूक घेऊन फिरणार आणि शेताला वाघ-डुकरांचा त्रास असलेला शेतकरी मात्र कचेरीत हात जोडून उभा राहणार. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, ते पकडले गेले, एडनला पाठवले गेले. पुण्याची हवा तेव्हा कशी असेल याची कल्पना करा. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगाची हवा खावी लागली. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन, गणिताचं अध्यापन, मतभेद आणि १८९० मध्ये राजीनामा. हे सगळं तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे, म्हणून पुढे जातो.

शाळेत शिकवत नाहीत ते असं. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव झाला. त्याची मागणी वाचून मी चकित झालो. सरसकट बंदुका वाटा असं त्यात नव्हतं. मागणी अशी होती की सर्वांना शस्त्र बाळगता यावं, आणि ज्या व्यक्तीला किंवा ज्या समाजाला सरकारला ते नाकारायचं असेल, त्याची कारणं सरकारने लेखी नोंदवावीत आणि प्रसिद्ध करावीत. कारणं लेखी द्या! एवढंच. कायद्यामुळे लोकांच्या निष्ठेवर विनाकारण डाग लागतो, ही त्यामागची खंत. काँग्रेस पुढेही हा विषय लावून धरत राहिली आणि १८९१ च्या नागपूर अधिवेशनात या विषयावरच्या ठरावाच्या बाजूने बोलायला उभे राहिले पस्तीस वर्षांचे टिळक. काँग्रेसमध्ये येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती.

त्या काळी अर्ज पाठवायचा कोणाला, हा मोठाच प्रश्न होता. आपले निवडून आलेले प्रतिनिधी असे नव्हतेच. पुण्यात १८७० पासून सार्वजनिक सभा होती, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी उभी केलेली. तिची पद्धत मला फार आवडली. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे सरकारने मोठ्या आवाजात विचारलं की तुम्ही कोण, तर कागद पुढे करता येतो. १८९५ मध्ये ही सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती आली. (रानडे-गोखल्यांनी मग वेगळी डेक्कन सभा काढली. तो वाद मोठा आहे, इथे नको.) त्याच वर्षी टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. आता ते स्वतःच लोकप्रतिनिधी होते.

आणि मग १८९६ चा दुष्काळ. इथे गोष्ट आमच्या दारात येते. दुष्काळात सारा माफ किंवा तहकूब करण्याचे नियम सरकारच्याच फॅमिन कोडमध्ये होते, पण ते रयतेला ठाऊक नव्हते. टिळकांनी ते मराठीत छापून वाटले. सभेची माणसं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत गावोगाव फिरली, सभा घेतल्या, लोकांना अर्ज करायला शिकवलं. उंबरगावकडेही सभा झाल्या. उंबरगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, १९६० मध्ये गुजरातेत गेलं. आमच्या डहाणू रोडहून ते गाडीने तिसरं स्टेशन, घोलवड आणि बोर्डी रोडच्या पुढचं. मी त्या स्टेशनवरून कितीदा गेलोय, पण तिथे कोणी सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांना अर्ज कसा लिहावा हे सांगत फिरलं होतं, याची मला गंधवार्ता नव्हती.

सरकारने काय केलं? सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले भरले. मार्च १८९७ मध्ये तर जाहीर केलं की सार्वजनिक सभेला सार्वजनिक धोरणाबाबत सरकारला काही कळवण्याचा अधिकार राहिलेला नाही. थोडक्यात, तुमचं पत्र आम्ही उघडणार नाही. बंदूक १८७८ मध्येच गेली होती, आता लेखणीवरही परवाना आला.

त्यानंतरचं वर्ष तुम्हाला माहीत आहे. प्लेग, रँडची अरेरावी, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू. टिळकांना जुलैमध्ये अटक झाली आणि केसरीतल्या लेखनाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. कौन्सिलची जागा त्यांनी सोडली. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोह. या वेळी ज्या लेखांवरून खटला झाला त्यातल्या ९ जूनच्या लेखात शस्त्रकायद्यावरही त्यांनी कडक टीका केली होती. मोगलांनीही प्रजेला असं निःशस्त्र केलं नव्हतं, असा त्यांचा रोख होता. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पौरुषाची ती भाषा मला आज पटत नाही. बंदूक नसलेला माणूस नामर्द होतो, हे माझा आजा जमा केलेल्या बंदुकीशिवाय रात्रभर शेतात काठी घेऊन बसलेला पाहिल्यावर कोण म्हणेल? सहा वर्षं मंडाले. तिथे गीतारहस्य लिहिलं. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. १९१४ मध्ये सुटले तेव्हा साठीला आले होते, मधुमेह होता. तरी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली.

पहिलं महायुद्ध चालू होतं. सरकारला सैन्यात भारतीय शिपाई हवे होते. टिळकांची भूमिका साधी होती. रणात बंदूक द्यायला आमच्यावर विश्वास आहे, तर घरी का नाही? शिपाई चालतो, तर अधिकारी का नाही? जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलताना मध्येच थांबवलं. ते सभेतून निघून गेले. मग विलायत गाठली. चिरोलविरुद्धचा खटला हरले, कर्ज झालं, पण १९१९ मध्ये पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष देऊन आले. निवडून आलेल्या माणसांपुढे, मग ती दुसऱ्याच्या देशात निवडून आलेली का असेनात, म्हणणं मांडत राहणं त्यांनी सोडलं नाही. १९२० च्या नव्या शस्त्रनियमांत गोऱ्यांची सरसकट सूट गेली. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईत टिळक गेले. (आमचा पालघर जिल्हा झाला ती तारीखही १ ऑगस्टच, साल २०१४.)

इथे भाषण संपवता आलं असतं, पण एक गोष्ट मला गप्प बसू देईना. १९१७ मध्ये अथणीच्या सभेत याच लोकमान्यांनी तेली, तांबोळी, कुणबी यांनी कायदे कौन्सिलात जाऊन काय करायचं, अशा अर्थाची टिंगल केली होती. मी आदिवासी. त्या यादीत तर आमचं नावही नाही. १८८७ च्या त्या ठरावातही काही समाजांना वगळण्याची सोय होतीच की! आज डहाणूची विधानसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे आणि मी पत्र लिहिणार तो आमदार आमच्यातलाच. हे टिळकांमुळे झालं की टिळक असूनही झालं, यावर होस्टेलात रात्री दोनपर्यंत वाद झाला. मेकॅनिकलवाले एकीकडे, सिव्हिलवाले एकीकडे. निकाल लागला नाही.

बाकी बंदुकीच्या हक्काचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९३१ च्या कराची ठरावात तो हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांत होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. कोणीही बाजारात जाऊन हवं ते शस्त्र घेऊ लागला तर राज्य चालणार कसं, हा त्यांचा सवाल. मला आंबेडकरांचं पटतं. मग १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आणि चौदाव्या कलमात असं आहे की परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास अर्जदाराला थोडक्यात कळवावीत. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तर तेवढं सोडून.

हे कलम वाचलं आणि लायब्ररीत मी जवळजवळ ओरडलोच. १८८७ ची मागणी! बहात्तर वर्षांनी कायद्यात आलेली!

त्या रात्री बाबांचं पत्र मी नव्याने लिहिलं. आधीच्या मसुद्यात विनंती, कृपा, गरीब शेतकरी असं बरंच होतं, ते काढून टाकलं. आमदारांना लिहिलं की बंदूक द्याच असं आमचं म्हणणं नाही. अर्ज अमुक तारखेचा आहे, त्यावर निर्णय व्हावा, आणि नकार असेल तर कारण लेखी मिळावं, एवढं आपण विचारावं. खाली बाबांची सही, आणि त्याखाली आमच्या पाड्यातल्या लोकांच्या. पन्नास करायच्या होत्या, त्रेपन्न झाल्या. तिघी आज्यांनी अंगठे उठवले आणि नाव मी लिहिलं.

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती पाकिटात मेसच्या कुपनांमागे आहे. काल घरी फोन केला तर बाबा म्हणाले, भात निसवलंय, रात्री मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो. फोनवरही तो आवाज येत होता.