यशवंतराव होळकर (दुसरे) : रंगांची पारख असलेला राजा

खानदेशातले तळोदे आपल्या सुरतेपासून फार लांब नाही. तिथे मामांकडे वाढलेल्या मल्हाररावांनी माळव्यात होळकरांची गादी उभी केली. त्याच घराण्यात ६ सप्टेंबर १९०८ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि ऐन तारुण्यात ते इंदूरचे महाराज झाले. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला.

मोटारींतही तीच नजर होती. अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर त्यांनी लंडनच्या गर्नी नटिंगकडून उघडी बॉडी बांधवून घेतली. एवढी लांबलचक गाडी, पण बसायला दोघेच! रंग निवडले नारिंगी आणि काळा. सोन्या-चांदीच्या मढवणुकीवाचूनही गाडी राजाची वाटते, ती घाटामुळे आणि रंगसंगतीमुळे.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे अकाली गेल्या. ब्रांकुशीच्या शिल्पांसाठी योजलेले ध्यानमंदिर उभे राहिलेच नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९६१ मध्ये मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. मोटार परदेशी गेली, तरी आजही ती इंदूरच्या महाराजांची म्हणूनच ओळखली जाते.