सेवादलातील स्मिता

अभिनेत्री स्मिता पाटील यांचे चित्रपट सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस मात्र त्यांची शाळकरी वर्षे अधिक मोलाची वाटतात. १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील, विद्याताई व शिवाजीराव पाटील, समाजकार्यात असल्याने १९४१ साली स्थापन झालेले राष्ट्र सेवा दल त्यांना घरचेच होते. शाखेवर मुलेमुली एकत्र खेळत, कवायत करीत. शिबिरांत श्रमदान असे. मुलींना असे घराबाहेर पाठविण्याचा संकोच हदगावकडील पालकांनाही परका नाही. सेवादलाच्या कलापथकातून स्मिता लोकांसमोर निर्भयपणे उभ्या राहू लागल्या. पुढे मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदन, ‘भूमिका’साठी राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ मध्ये पद्मश्री. १९८२ च्या ‘उंबरठा’त घर सोडून महिलाश्रमाची जबाबदारी घेणारी सुलभा त्यांनी साकारली. पुत्रजन्मानंतर अवघ्या १५ दिवसांत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.